नवा जन्म आणि जुने गाव

धर्मांतर म्हटले की आपल्या कार्यकर्त्याच्या डोळ्यांपुढे १४ ऑक्टोबर १९५६ ही एकच तारीख उभी राहते. तशी ती राहावी हे योग्यच आहे. नागपूरच्या त्या दिवसाने एका अख्ख्या समाजाच्या आयुष्याचे अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन भाग केले. पण ह्या तारखेच्या लख्ख उजेडात एक गोष्ट नजरेआड झाली. तिच्याआधी जवळजवळ शंभर वर्षे त्याच महारवाड्यांतली आणि मांगवाड्यांतली माणसे दुसऱ्या एका दाराने नव्या आयुष्यात शिरू पाहत होती. ते दार ख्रिस्ती धर्माचे होते. त्या माणसांचे पुढे काय झाले, ह्याची विचारपूस आपल्या चळवळीने फारशी केलेली नाही. 'पोटासाठी बाटलेले' ह्या दोन शब्दांत त्यांचा निकाल लावला गेला, आणि गंमत अशी की हा निकाल गावच्या पाटलाने दिला होता, तोच आपण पुढे चालवला.

मी धर्मोपदेशक नाही. कॉलेजात मराठी शिकवतो. पण अहमदनगर जिल्ह्यातल्या (ह्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले) एका ख्रिस्ती झालेल्या महार घरात मी जन्मलो, आणि त्या घरातला पहिला पदवीधर आहे. शिबिरात, अभ्यासवर्गात विद्यार्थी विचारतात, "सर, तुम्ही नक्की आमच्यात की त्यांच्यात?" प्रश्न प्रामाणिक असतो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख. ख्रिस्ती श्रद्धेने नव्या आयुष्यात प्रवेश करणे म्हणजे एका दलित माणसाच्या बाबतीत प्रत्यक्षात काय घडत होते, एवढेच मला इथे उलगडून सांगायचे आहे.

अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. १८४२ साली त्यांचे 'ज्ञानोदय' निघाले. ह्याच 'ज्ञानोदया'त १८५५ साली मुक्ता साळवे ह्या फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मांग मुलीचा निबंध छापून आला, हे आपल्या वाचकांना माहीत आहे. त्या निबंधाला आपण दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ मानतो. पण त्या मुलीने विचारलेला प्रश्न नीट आठवावा. ज्यांना वेद वाचायचा अधिकार नाही, त्यांचा धर्म तरी कोणता, असे ती विचारत होती. म्हणजे मांग-महारांना एक धर्म होता आणि तो सोडून ते दुसऱ्या धर्मात गेले, अशी जी मांडणी नेहमी केली जाते, ती त्या चौदा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलीने आधीच मोडून ठेवली होती. ज्या घरात आपल्याला कधी घेतलेच नाही, ते घर सोडले असे कसे म्हणायचे?

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती धर्मांतराचा इतिहास सहसा थोरामोठ्यांच्या नावांनी सांगितला जातो. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत घेतला. लक्ष्मीबाई मधली काही वर्षे दूर राहिल्या, आणि १९०० साली त्यांनीही तो घेतला. त्यांची 'स्मृतिचित्रे' आपण पाठ्यपुस्तकातून शिकवतो, आणि शिकवावीतच. जातीचा विटाळ मनातून कसा गळून पडतो, ह्याचे इतके सरळ वर्णन मराठीत दुसरे क्वचितच असेल. पण ह्या मंडळींच्या नव्या आयुष्याची रीत एक होती आणि आमच्या पणज्यांची दुसरी. ब्राह्मण माणूस ख्रिस्ती झाला की त्याला घर सोडावे लागे. आप्त तुटत, घरातले त्याच्या नावाने सुतक पाळत. त्याचे नवे आयुष्य घर सोडण्याने सुरू होत असे. महाराने बाप्तिस्मा घेतला की तो संध्याकाळी परत महारवाड्यातच येई. त्याच झोपडीत, त्याच वेशीबाहेर. त्याला वाळीत कोण टाकणार? तो जन्मापासूनच वाळीत होता.

आणखी एक फरक लोक करतात, तो मला फार लागतो. ब्राह्मण ख्रिस्ती झाला तर त्यामागे त्याचे चिंतन असते. महार ख्रिस्ती झाला तर त्यामागे त्याची भूक असते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नगर भागात मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले हे खरे आहे. पण भुकेल्या माणसाला चिंतन नसते, हे कोणी ठरवले? आपल्याला कोण जेवू घालतो आणि कोण उपाशी मारतो, हे ज्याला दुष्काळात दिसले, त्याने देवाविषयी काही निष्कर्ष काढला असेल, तर तो ग्रंथ वाचून काढलेल्या निष्कर्षापेक्षा हलका का मानायचा?

तर नवा जन्म झाला, पण गाव जुनेच राहिले. ही सगळ्या प्रश्नाची मेख आहे. नव्या करारात पौलाचे एक अगदी छोटे पत्र आहे, फिलेमोन नावाच्या माणसाला लिहिलेले. त्याचा अनेसिम नावाचा गुलाम पळून गेला होता. तो पौलाला भेटला, ख्रिस्ती झाला, आणि पौलाने त्याला त्याच मालकाकडे पत्र देऊन परत पाठवले. आता त्याला गुलाम म्हणून नव्हे, भाऊ म्हणून घे, अशी मालकाला विनंती केली. त्याला गुलामीतून मोकळे कर, असे स्पष्ट शब्दांत त्या पत्रात कुठेही नाही. मालकाने पुढे काय केले, हे बायबल सांगत नाही. मला नेहमी वाटते, नगर जिल्ह्यातला प्रत्येक बाप्तिस्मा झालेला महार आणि मांग हा असा अनेसिम होता. फरक इतकाच की त्याच्या हातात मालकाच्या नावाचे पत्र नव्हते, आणि मालक ख्रिस्ती नव्हता.

मग त्याच्या आयुष्यात बदलले काय? माझ्या मते ह्याचा शोध प्रार्थनेत घेण्याआधी कामात घ्यावा. महाराची गावकी कशी होती हे इथे नव्याने सांगायला नको. सांगावा पोचवणे, दवंडी देणे, सरकारी माणसाचे ओझे वाहणे, मयताची वर्दी परगावी नेणे, मेलेले जनावर ओढणे. ह्या कामाला वेळ नव्हती, वार नव्हता. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या लढ्यामुळे १८९० साली रविवारची सुटी मिळाली, ह्याचा आपण गौरव करतो. गावकीच्या महाराला कोणत्याच वारी सुटी नव्हती. अशा माणसाने एक दिवस येसकरकीचा सांगावा घेऊन आलेल्याला म्हणावे, "आज प्रार्थनेचा दिवस आहे, उद्या येतो," ही लहान गोष्ट नाही. सात दिवसांतला एक दिवस माझा आहे, माझ्या देवाचा आहे, त्यावर पाटलाचा हक्क नाही, असे म्हणण्याला धर्माचा आधार मिळाला. माझी आजी सांगायची की तिच्या सासऱ्याने बाप्तिस्म्याच्या वेळी काय काय वचन दिले ते त्याला पुढे नीट आठवतही नव्हते, पण रविवार मात्र त्याने मरेपर्यंत सोडला नाही. गावात त्याला 'आयतवाऱ्या' म्हणत. हे टोपणनाव त्याला चिडवण्यासाठी ठेवले होते, पण त्याला त्याचा मान वाटे.

परंतु रविवार पाळण्याची किंमत होती, आणि ती धान्यात मोजावी लागे. काम केले नाही तर बलुते नाही. वतन सगळ्या भावकीचे असे, पाळीपाळीने काम चाले. ख्रिस्ती झालेल्याची पाळी चुकली की ती ख्रिस्ती न झालेला चुलतभाऊ उचले आणि बलुतेही तोच घेई. ह्यातून एकाच वाड्यात दोन तट पडले. पाटलाला हे तट सोयीचेच होते. ज्याच्याकडे पोट भरण्याची दुसरी सोय होती त्याचे नवे आयुष्य टिकले. ज्याच्याकडे नव्हती तो रविवारी भजन म्हणून सोमवारी पुन्हा जनावर ओढायला गेला. महाराष्ट्रातली ही कनिष्ठ वतने कायद्याने संपली ती १९५९ साली. तोपर्यंत कित्येक ख्रिस्ती घरांनी दोन्ही जू मानेवर वागवले.

दुसरी सोय कोणाला मिळाली? सर्वांत आधी मास्तराला. गावोगावच्या मिशन शाळेतला मास्तर हा एक नवाच माणूस होता. तो बहुधा महारच असे, फार थोडे शिकलेला असे, आठवडाभर मुलांना मुळाक्षरे शिकवी आणि रविवारी उपासना चालवी. त्याचा पगार तुटपुंजा होता. पण तो पगार होता, बलुते नव्हते. महिन्याच्या महिन्याला, सही करून घ्यायचा. तो चावडीपुढे जोहार घालत नसे. गावाने त्याला मान दिला नसेल, पण त्याला हाक मारून ओझे उचलायला लावणे गावाला जमेनासे झाले. महारवाड्यातल्या पोरांनी लिहिणारा महार पहिल्यांदा पाहिला तो ह्या मास्तराच्या रूपात. पुढे आंबेडकरी चळवळ खेड्यात आली तेव्हा तिची पत्रके वाचून दाखवायला अशीच मिशन शाळेत अक्षरओळख झालेली माणसे उपयोगी पडली असतील. ह्याची नोंद कोणी केलेली नाही, पण घराघरांतल्या म्हाताऱ्यांना विचारले तर ऐकायला मिळते.

बायकांच्या बाबतीत हा बदल अधिक खोल गेला असे मला वाटते. १८९४ साली मिरजेला डॉ. वानलेस ह्यांचे मिशन हॉस्पिटल सुरू झाले. नगर, मिरज अशा ठिकाणी परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. परक्या माणसाच्या जखमा धुणे, मलमूत्र काढणे हे काम वरच्या जातीच्या बायका विटाळाचे मानीत, म्हणून ते आमच्या बायकांसाठी मोकळे राहिले. ह्यात एक कडू गोष्ट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. घाणीचे काम पुन्हा आमच्याच वाट्याला आले. पण आता त्याला शिक्षण होते, गणवेश होता, पगार होता, आणि ज्याला शिवायचे नाही असा रोगी तिला 'सिस्टर' म्हणून हाक मारीत होता.

नावेही बदलली. धोंड्या, कचऱ्या, दगडू अशी जी नावे होती त्यांच्या जागी याकोब, शमुवेल, मार्था, रिबेका आली. आडनावे मात्र जुनीच राहिली. पुढे आमच्या पिढीला शाळेत हजेरी घेताना मास्तर नावाशी थांबत आणि आडनावावरून जात ओळखून पुढे जात. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात नाव लिहिले गेले, ही पुष्कळ घरांतली कोणीतरी आपले नाव शाईने लिहिल्याची पहिली वेळ होती. त्याआधी सरकारी कागदात आम्ही असलो तर वतनाच्या यादीत नाहीतर फौजदारीच्या.

गावच जुने असल्यामुळे हे सगळे अपुरे राहते, हे काही जणांना तेव्हाच उमजले होते. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. निजामाच्या राज्यात जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची स्वतंत्र वस्तीच वसवली आणि धर्मांतरितांना, त्यांतही मांगांना, तिथे नेले. वेस नाही, चावडी नाही, गावकी नाही. बेथेल म्हणजे देवाचे घर. बाबासाहेबांनी पुढे दलितांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी केली तिच्यामागचे निदान हेच होते, की गाव तसेच ठेवून माणूस बदलता येत नाही. पण बेथेल एकच झाले. गावोगाव बेथेल उभारण्याइतकी जमीन मिशनकडे नव्हती, आणि तशी इच्छाही सर्वांची होती असे दिसत नाही.

आता मंडळीच्या आतले बोलू. 'मंडळी' म्हणजे आमच्या भाषेत चर्चची मंडळी. ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, अशा आशयाची पौलाची शिकवण दर वर्षी उपदेशात येते. एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेतले जाते; हे मी मोठे मानतो, कारण एका प्याल्याला ओठ लावणे म्हणजे काय, हे पाण्याच्या मडक्यापासून दूर ठेवलेल्या माणसालाच कळते. पण सोयरीक जुळवायची वेळ आली की ख्रिस्ती महार ख्रिस्ती महाराचेच घर शोधतो आणि ख्रिस्ती मांग ख्रिस्ती मांगाचे. दोघांचा पाळक एक, भजनाचे पुस्तक एक, आणि लग्नाचा मांडव मात्र वेगळा. हे मिशनरी साहेबांनी शिकवले नव्हते. हे आमचे आम्ही गावातून उचलून आणले. तमिळनाडूत तर वरच्या जातींतून आलेल्या कॅथलिकांनी दफनभूमीतही वेगळेपण राखले. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे त्यात कबूल केले. हैदराबादचे अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले ते २०२२ साली. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या कॅथलिक मिशनाच्या काळापासून हिशेब धरला, तर ह्याला पाच शतके लागली.

बाबासाहेबांनी ह्या सर्वांची तपासणी फार पूर्वी करून ठेवली आहे. येवल्याच्या १९३५ च्या घोषणेनंतर ख्रिस्ती धर्माचा त्यांनी गंभीरपणे विचार केला. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त ह्या दोन व्यक्तींनी आपल्या मनाची पकड घेतल्याचे सांगितले, आणि त्याच भाषणात ख्रिस्ती समाजाचे दोषही तोंडावर सांगितले: देवळात जात पाळता, राजकारणात मागे राहता, सामाजिक अन्यायाविरुद्ध लढत नाही. धर्मांतरित अस्पृश्यांविषयीचे त्यांचे दोन दीर्घ निबंध त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आहेत. कार्यकर्त्यांनी ते मुळातून वाचावेत. त्यांतला एक मुद्दा मला सर्वांत मार्मिक वाटतो. अस्पृश्याला त्याच्या दुःखाचे कारण हिंदू धर्माने पूर्वजन्मीचे कर्म म्हणून सांगितले; ख्रिस्ती उपदेशकाने ते आदिपाप म्हणून सांगितले. दोन्ही उत्तरांत भोवतालची समाजव्यवस्था निर्दोष सुटते, आणि मग ती बदलण्याची ऊर्मी माणसात येणार कुठून?

बाप्तिस्म्याच्या वेळी जो पश्चात्ताप सांगितला जातो, तो ह्या नजरेने पाहिला तर प्रश्न पडतो. विहीर बंद करणारा कोण आणि पश्चात्ताप कोणी करायचा? निकदेमाची गोष्ट प्रसिद्ध आहे. तो वजनदार, शास्त्र जाणणारा माणूस रात्री येशूकडे येतो आणि नव्याने जन्मावे लागेल हे ऐकून गोंधळतो. उपदेशक ही गोष्ट महारवाड्यात सांगत, पण ती मुळात सांगितली होती समाजातल्या एका अधिकाऱ्याला. नव्याने जन्मण्याची गरज पाटलालाही होती, किंबहुना त्यालाच अधिक. त्याच्याकडे कोणी गेले नाही असे नव्हे. मिशनने सुरुवातीची पुष्कळ वर्षे वरच्या जातींच्याच मागे घालवली, आणि तिकडून निराश झाल्यावर ती आमच्याकडे वळली, हेही बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे.

एवढे सगळे मान्य करूनही मी असे म्हणणार नाही, की आमच्या माणसांची श्रद्धा ही फसवणूक होती. काही मार्क्सवादी मित्र तसे म्हणतात. त्यांना वाटते श्रद्धा म्हणजे दुखऱ्या जागेवर बांधलेली अफू. ज्याला आयुष्यभर 'अरे' म्हणून हाक मारली गेली, त्याला कोणीतरी आपल्याला नावाने ओळखतो, आणि तोही सुतार, गरिबांत जन्मलेला, गावाबाहेर नेऊन मारलेला, असे कळते, तेव्हा त्याच्या आत काहीतरी ताठ उभे राहते. ते मोजता येत नाही. माझ्या आजीला लिहिता येत नव्हते. तिला शुभवर्तमानातली पुष्कळ प्रकरणे तोंडपाठ होती, आणि पुढाऱ्यांच्या, पाळकाच्या, आमच्या सगळ्यांच्याच बोलण्याला ती त्या मापाने तोलत असे. पाळकाने एकदा तिच्या घरी चहा घेण्याचे टाळले; पुढच्या रविवारी तिने उपासना संपल्यावर बायकांत उभे राहून जक्कयाच्या घरी जेवायला गेलेल्या येशूची गोष्ट सांगितली, कोणाचेही नाव न घेता.

श्रद्धेचा हा कणा आणि बाबासाहेबांची ती टीका, ह्या दोन्हींना एकत्र धरण्याचा पहिला ठळक प्रयत्न एका मराठी माणसाने केला, आणि आपल्याकडे त्यांचे नावही फार थोड्यांना ठाऊक आहे. अरविंद निर्मळ ह्यांनी १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या ईश्वरविद्येची मांडणी केली. पुढे मद्रासच्या गुरुकुल महाविद्यालयात त्यांनी दलित ईश्वरविद्येचा विभाग चालवला. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात एक विधी आहे. शेतकरी पहिले पीक देवापुढे ठेवतो आणि आपले पूर्वज भटके होते, मिसरात गुलाम होते, देवाने त्यांना सोडवले, हे मोठ्याने म्हणतो. निर्मळांनी विचारले, आपणही आपल्या पूर्वजांची अवस्था अशीच देवापुढे का म्हणू नये? मेलेले जनावर ओढणारा आमचा आजा, गळ्यात मडके, वेशीबाहेरचे घर: हे लपवून नव्हे, हे उच्चारून ख्रिस्ती व्हायचे. आजवरच्या उपदेशात नवे आयुष्य म्हणजे जुने विसरणे, असा अर्थ होता. निर्मळांनी तो उलटा केला. पश्चात्तापाच्या जागी त्यांनी स्मरण आणले.

तमिळ लेखिका बामा ह्यांचे 'करुक्कु' १९९२ साली आले, त्यात हेच वेगळ्या वाटेने दिसते. दलित कॅथलिक घरातली ही मुलगी गरीब मुलांसाठी काम करता यावे म्हणून जोगीण झाली. मठात तिला श्रीमंतांच्या शाळा आणि जातीचे टोमणे भेटले. ती मठ सोडून बाहेर पडली. हे श्रद्धा सोडणे नव्हते. तिचे नवे आयुष्य मठात जाताना नव्हे तर मठातून निघताना सुरू झाले.

आता कायद्याकडे वळतो, कारण ह्या विषयात श्रद्धेइतकाच कायदाही माणसाचा जन्म ठरवतो. १८५० साली कंपनी सरकारने एक कायदा केला. धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून कोणाचाही मालमत्तेवरचा आणि वारशावरचा हक्क बुडणार नाही, असे त्याने सांगितले. कायदा सर्वांसाठी होता, पण उपयोग ज्याच्याकडे मालमत्ता होती त्यालाच. बरोबर शंभर वर्षांनी, १० ऑगस्ट १९५० रोजी, अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला अनुसूचित जातीतून वगळले. शीख १९५६ साली आत आले, बौद्ध १९९० साली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. ख्रिस्ती लोकांपुरती ही गोष्ट नवी नव्हती, १९३६ च्या ब्रिटिश आदेशातही त्यांना वगळलेलेच होते. एका धर्मांतरिताचा वारसा कायद्याने वाचवला आणि दुसऱ्याची सवलत कायद्याने काढली, असा हा शंभर वर्षांचा हिशेब आहे.

सूसाई नावाचा मद्रासचा एक चांभारकाम करणारा कारागीर सर्वोच्च न्यायालयात गेला होता. रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणाऱ्या अनुसूचित जातीच्या कारागिरांना सरकार फुकट टपरी देत होते. तो ख्रिस्ती म्हणून त्याला मिळाली नाही. न्यायालयाने १९८५ साली सांगितले की धर्मांतरानंतर जात टिकते एवढे दाखवणे पुरेसे नाही, नव्या धर्मातही तिच्या यातना तितक्याच तीव्र आहेत हे दाखवले पाहिजे. टपरीसाठी आलेल्या माणसाने हा पुरावा कोठून आणावा? रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन ह्यांचा नवा आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका स्त्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जी बाप्तिस्मा घेऊन चर्चला जाते तिला नोकरीपुरते हिंदू म्हणवून घेता येणार नाही. कायद्याच्या भाषेत हे तर्कशुद्ध असेल. परंतु तिसऱ्या परिच्छेदानेच माणसाला दोन तोंडांनी बोलायला लावले आणि मग दोन तोंडांबद्दल त्यालाच दोषी धरले. आमच्या जिल्ह्यात रविवारी याकोब आणि दाखल्यावर हिंदू महार, अशी घरे आहेत, हे सर्वांना माहीत आहे. त्यांना खोटे म्हणण्याआधी त्यांच्या मुलीची शिष्यवृत्ती कोणी भरणार आहे का, हे विचारावे. आणि नुसती शिष्यवृत्तीच नव्हे; अत्याचारप्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचेही संरक्षण ख्रिस्ती म्हणून नोंद असलेल्याला नाही. मारणारा धर्म विचारून मारत नाही. पोलीस स्टेशनात मात्र धर्म विचारला जातो.

बौद्ध बांधवांनी हे सोसलेले आहे. १९५६ ते १९९० अशी चौतीस वर्षे केंद्राच्या सवलती त्यांना नव्हत्या. महाराष्ट्राने आपल्यापुरत्या १९६० पासून दिल्या, त्याही मागून मिळाल्या. म्हणून तिसऱ्या परिच्छेदाच्या मागणीकडे 'त्यांचा प्रश्न' म्हणून पाहणे मला समजत नाही. वाटेकरी वाढतील ही भीती मी ऐकली आहे. ती खोटी नाही, जागा थोड्या आहेत. पण वाटा वाढवून मागण्याऐवजी वाटेकरी कमी ठेवणे, हे पाटलाने भावकीत तट पाडण्यासारखेच आहे. साहित्यातही हीच गत. मराठीत ख्रिस्ती म्हटले की टिळक, नाहीतर वसई आणि गोवा. दलित आत्मकथनांच्या कपाटात महारवाड्यातल्या ख्रिस्ती घराचे पुस्तक शोधत बसावे लागते. आमच्या घरांत भजनांच्या वह्या आहेत, मास्तरांच्या दैनंदिन्या आहेत, पत्रे आहेत. वाळवी लागण्याआधी कोणीतरी त्या उघडायला हव्यात.

दर जूनमध्ये प्रवेशाच्या अर्जांबरोबर मुले माझ्याकडे येतात आणि विचारतात, धर्म आणि जात ह्या दोन रकान्यांत काय लिहू? मी त्यांना सांगतो ते इथे लिहून ठेवतो, कारण पुष्कळ शिक्षकांनाही ते ठाऊक नसते. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांची नोंद महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांत होते. त्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीसारखा १९५० पूर्वीचा नव्हे. वडिलांच्या, आजोबांच्या शाळेचा दाखला काढावा. त्यावर नुसते 'ख्रिश्चन' असेल तर पूर्वीच्या जातीचा पुरावा मागतात, आणि मुले तिथेच हताश होऊन खुल्या वर्गाचा अर्ज भरतात. तसे करू नये. ज्या मंडळीत आजोबा-पणजोबांचा बाप्तिस्मा झाला तिचे जुने रजिस्टर पाहावे. काही रजिस्टरांत नाव, बापाचे नाव, गाव आणि त्यापुढे पूर्वीची जातही लिहिलेली सापडते. पाळकाकडून त्याचा सहीशिक्क्याचा उतारा घ्यावा आणि भावकीतल्या जुन्या महसुली नोंदींबरोबर तो जोडावा. रजिस्टर मंडळीत नसेल तर त्या मिशनच्या जिल्ह्याच्या कचेरीत चौकशी करावी. हे काम जूनमध्ये सुरू करून चालत नाही, दिवाळीच्या सुटीतच हाती घ्यावे.